पुरा कोयता

केशरवहिनी, काल तलाठ्यासमोर अण्णांनी तुला अंकुशदादाची बायको म्हटलं. स्वतःच्या तोंडानं, चारचौघांत. तलाठ्यानं विचारलं, "मयत केशरबाई तुमच्या कोण?" अण्णांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "धाकट्या भावाची बायको." मी शेजारच्याच खुर्चीत होते. मला आधी हसू आलं आणि मग रडू, दोन्ही एकदमच म्हण. तलाठी बिचारा माझ्याकडं बघतच राहिला.

त्यांनी का म्हटलं ते तू लगेच ओळखशील. दादाची विधवा म्हणून तो जमिनीचा तुकडा तुझ्या नावावर झाला होता. तुला मूलबाळ नाही, म्हणून तो आता तुझ्या नवऱ्याच्या भावाबहिणींकडं येणार, म्हणजे अण्णांकडं आणि माझ्याकडं. कायदा तसा आहे, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणजे तू जिवंत होतीस तोवर जमिनीसाठी तू त्यांच्या भावाची बायको नव्हतीस, आणि गेलीस तशी जमिनीसाठीच झालीस. अडला हरी, असं मी मनात म्हटलं. तू असतीस तर पदर तोंडाला लावून म्हणाली असतीस, "वन्सं, मंग गाढव कोन, मी का?"

वन्सं. मी तुझ्याहून चांगली पाच-सहा वर्षांनी लहान, तरी तू मला कधी 'तू' म्हटलं नाहीस, आणि मी तुला कधी 'तुम्ही' म्हटलं नाही. आल्या दिवसापासून आपलं हे असंच. तू उंच, रुंद हाडाची, मिश्री लावून दारात उभी राहिलीस की दार भरून जायचं. आई म्हणायची, सून आणली की खांब आणला? आणि तू तिला म्हणायचीस, "खांबच म्हना आत्याबाई, घर हलतंय तुमचं." एवढं बोलणारी सून आमच्या गावात तोवर कुणी पाहिलेली नव्हती.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा आई आणि अण्णा तुम्हा दोघांना बीडला डॉक्टरकडं घेऊन गेले. तपासण्या झाल्या. डॉक्टर भला माणूस होता, पण त्यानं सगळ्यांच्या देखत सांगितलं, तेवढं त्याचं चुकलं. म्हणाला, हिला गर्भाची पिशवी नाही. काढलेली नाही, मुळातच नाही. बाहेरून बाई आहे, आतली घडण निराळी आहे. अशी माणसं जन्माला येतात, याला आंतरलिंगी म्हणतात, हा काही रोग नव्हे. तुलाही ते त्याच दिवशी कळलं. पाळी येत नाही म्हटल्यावर तुझ्या आईनं "आपल्यात काईंना येतच न्हाई" म्हणून तुझी समजूत काढली होती आणि तू ती खरी मानली होतीस. अण्णांनी घरी आल्यावर तुझ्यासाठी जो शब्द वापरला, तो मी इथं लिहीत नाही.

आठ दिवसांत अण्णा दादाला गेवराईला एका वकिलाकडं घेऊन गेले. अण्णा तेव्हा नुकतेच सोसायटीचे चेअरमन झाले होते, कुठंही गेले तरी खुर्ची मिळायची. वकील म्हणाला, हे लग्न कोर्टातून रद्द करून मिळेल, कायद्यात तशी सोय आहे, फक्त अर्ज नवऱ्याचाच लागतो. दुसऱ्या कुणाला मागता येत नाही.

"फकस्त नवऱ्याचाच?" दादानं विचारलं.

"फक्त नवऱ्याचाच."

"मंग मिटलं की," असं म्हणून दादा उठला आणि चप्पल घालून चालू लागला. अण्णा आतच राहिले. ही गोष्ट दादानं मला नंतर इतक्या वेळा सांगितली, आणि प्रत्येक वेळी 'चप्पल घालून' यावर जोर दिला, की मी तिथं नसूनही मला ती चप्पल दिसते.

तू मात्र त्याच्यामागं लागली होतीस, दुसरी करा म्हणून. मनापासून. दादा म्हणाला, "दुसरी आनली तर तिला मोळी बांधायला शिकवन्यात एक हंगाम जाईल. मला न्हाई परवडत." तू त्यावर दोन दिवस बोलली नाहीस, आणि तिसऱ्या दिवशी ऊसतोडीला जायचं सामान बांधायला लागलीस. असलं प्रेमाचं बोलणं मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

त्या वर्षी मीही नवऱ्याबरोबर तुमच्याच टोळीत आले होते. साखर कारखाना सहकारी, लांब पश्चिमेकडचा. फडाच्या कडेला आपल्या उसाच्या पाल्यानं शाकारलेल्या कोप्या. ज्यांनी तोड पाहिली नाही त्यांना सांगायला हवं, तिथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. त्यानं तोडायचं, तिनं मोळी बांधायची आणि डोक्यावरून नेऊन गाडी भरायची. एक आजारी पडलं की दोघांचा खाडा. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला मुकादम नाक मुरडतो. तुमचा कोयता सगळ्यांत पुढं असायचा. दादा दमला की तू त्याच्या हातातून कोयता घ्यायचीस आणि सपासप तोडायला लागायचीस, आणि तो मोळ्या बांधायचा, वाकड्यातिकड्या. तू त्या सोडून पुन्हा बांधायचीस आणि त्याला ऐकू जाईल असं म्हणायचीस, "हिला मोळी म्हनतेत व्हय? ही तर गोधडी हाय." सगळा फड हसायचा.

आपल्या टोळीत निम्म्या बायांची पिशवी काढलेली. पाळीत खाडा नको, पोट दुखलं की डॉक्टर म्हणायचा काढून टाका, कटकट मिटेल. माझीही काढली. तिशीसुद्धा ओलांडली नव्हती. त्यानंतर मी कोपीत पडून होते तेव्हा मला उठवणारी, बसवणारी, कण्या शिजवून भरवणारी तू होतीस. मी तुला काय काय बोलले! म्हणाले, तुला काय कळणार, तुला नव्हतीच. तू माझ्या केसांतून फणी फिरवत होतीस, हात थांबला नाही. म्हणालीस, "न्हाई कळत वन्सं. तुमी सांगा, मी ऐकती." आणि मी सांगत राहिले, तू ऐकत राहिलीस. मी आजवर देवापुढं हात जोडले ते सवयीनं. तुझ्यापुढं मात्र त्या दिवशी मनातून जोडले.

पुढं आई गेली, आणि मग दादा गेला. उसाची ट्रॉली उलटली. त्यावर मी काही लिहीत नाही, तुला ते आवडायचं नाही.

आणि त्याच साली पाऊस गेला. कपिलधारच्या धबधब्याला पाण्याचा थेंब नाही, असं जाऊन आलेले लोक सांगायचे. अण्णांच्या सोसायटीनं तलवाड्याच्या रस्त्याला चारा छावणी काढली. आजूबाजूच्या गावांची जनावरं दावणीला, शेजारी ताडपत्र्या टाकून माणसं. तू दादाची बैलजोडी घेऊन छावणीच्या फाटकाशी आलीस. मी तेव्हा तोड सोडली होती, अंगणवाडीत लागले होते, सुट्टीत तुझ्या सोबतीला आले होते, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं.

अण्णा टेबलामागून म्हणाले, "खातं अंकुशच्या नावावर हुतं. वारस ठरल्याबिगर नोंद करता येत न्हाई."

तू म्हणालीस, "जनावराला वारस लागत न्हाई अण्णा, वैरन लागती."

मागं माणसं जमली होती. कुणीतरी फिसकन हसलं, आणि तेच अण्णांना लागलं असावं. ते उभे राहिले. "तू त्येची बायकोच न्हवतीस," असं म्हणाले. "डॉक्टरनं सांगितलंय, तू बाईच न्हाईस. मंग वारस कशी?"

वहिनी, मला वाटलं आता जमीन दुभंगावी आणि आपण दोघींनी आत जावं. मी तुझा हात धरला, चल म्हटलं. तू हात सोडवून घेतलास. आवाजही चढवला नाहीस.

"डॉक्टरनं पोर हुनार न्हाई म्हनून सांगितलं," तू म्हणालीस. "लगीन झालं न्हाई असं न्हाई सांगितलं. लग्नात अक्षता तुमीच वाटत हुता अण्णा. कावून वाटल्या मंग?"

तलवाड्याच्या एका म्हाताऱ्यानं आपली म्हैस एका अंगाला सारली आणि त्याच्या दावणीत तुझ्या बैलांना जागा केली. म्हणाला, "हितं बांध पोरी." सगळ्या गावानं तुझ्या अंगाचं गुपित ऐकलं होतं आणि तू त्यांच्यामधून बैल घेऊन अशी चाललीस, जशी रोज चालतेस. ते बळ तू कुठून आणलंस, हे मला आजही उमगलेलं नाही.

त्यानंतर अण्णांनी दावा लावला. म्हणणं असं, की कायदा लग्न 'वर' आणि 'वधू' यांचं मानतो. ही वधू नव्हेच, म्हणून लग्न नव्हेच, म्हणून जमीन भावाची. मलाही ओढायला बघितलं त्यांनी. लग्न खोटं ठरलं तर बहीण म्हणून माझाही वाटा निघत होता. मी म्हटलं, अण्णा, मी तुमची बहीण आहे हे तरी नक्की ना, का त्याचीही तपासणी करायची? त्यावर आमचं बोलणं बंद झालं ते काल तलाठ्याकडं उघडलं.

आपल्या वकीलबाई हुशार होत्या. त्या छावणीत आल्या, ताडपत्रीखाली आपल्यासोबत चहा प्यायल्या आणि त्यांनीच तो मार्ग सुचवला. म्हणाल्या, केशरबाई, इतकंच सांगा की तोडीवर असताना पिशवी काढली. तुमच्या जिल्ह्यात कोण अविश्वास दाखवेल? तपासणी झाली तरी पिशवी नाही एवढंच निघेल, पुढं कुणी फार खोलात जाणार नाही. विषय संपेल.

मी म्हटलं, झालं, हेच सांगू. तू म्हणालीस, न्हाई.

वहिनी, यावर आपण किती भांडलो! छावणीत भांडलो, एसटीत भांडलो, कोर्टाच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली भांडलो. मी म्हणायची, एवढंसं खोटं, कुणाचं वाईट होत नाही, घर वाचतं. तू म्हणायचीस, जे न्हवतंच ते काढलं कसं म्हनू. मी म्हणायची, खरेपणा काय चुलीत घालायचाय? शेवटी एकदा तू मला गप्प केलंस. म्हणालीस, "वन्सं, तुमची काढली तवा तुमी कशा लोळत हुता ते मी बगितलंय. ते दुखनं तुमचं हाय. त्येच्यावर मी माजं घर बांधू व्हय?"

मला तेव्हाही पटलं नव्हतं. अजूनही पटलेलं नाही, हे तुला सांगून ठेवते. माझं दुखणं मी तुला आनंदानं दिलं असतं; घरातला तवा मागितला असतास तर दिला असता, तसंच. तुझ्या त्या 'न्हाई'मुळं तुला पुढं जे भोगावं लागलं ते मी पाहिलं आहे. आपलं भांडण मिटलेलं नाही. तू मध्येच उठून गेलीस, एवढंच.

कोर्टात अण्णांच्या वकिलानं तुझी वैद्यकीय तपासणी मागितली. साहेबांनी तुला विचारलं, तुमचं काय म्हणणं? तू पदर नीट केलास. "साहेब, मी जशी जन्मले तशी हाय. त्येला काय नाव द्यायचं ते तुमी द्या. पर ज्यानं बगायचं त्यानं बगितलं. त्येची तक्रार न्हवती. आता दुसऱ्या कुनाला दावायचं मला कारन न्हाई." टंकलेखक थांबला होता. साहेबांनी त्याला सांगितलं, लिहा, जसं बोलल्या तसं लिहा. तपासणीचा अर्ज त्यांनी मंजूर केला नाही.

आणि मग अण्णांनी एक चूक केली. त्यांनी आपल्या तोडीच्या टोळीच्या मुकादमाला साक्षीला आणलं. त्यांचा हिशेब असा, की ही बाई पुरुषासारखा ऊस तोडायची, पुरुषाएवढं ओझं उचलायची, हे मुकादमानं सांगावं. त्यानं सांगितलंही. "तोडायची बी, मोळी बी बांधायची. लई दनकट बाई." वकील खुशीत आला. म्हणाला, म्हणजे दोन पुरुषांनी करावं तसं काम हे दोघं करत होते, बरोबर?

मुकादमाला हे आपल्या धंद्यावर बोट ठेवल्यासारखं वाटलं. तो तडकलाच. "दोन गडी म्हंजी दोन अर्धे कोयते, साहेब. माज्या टोळीत मी असं उगं कुनालाबी पुरा धरीत न्हाई. अंकुशचा आन् केशरबाईचा पुरा कोयता हुता."

साहेबांनी विचारलं, पुरा कोयता म्हणजे?

"नवराबायको," मुकादम म्हणाला, इतकं साधं कसं कळत नाही अशा आवाजात. "जोडपं. दुसरं काय?"

मी मागं बसून तोंडात पदर कोंबला होता. कायद्याच्या जाड पुस्तकात जे सापडत नव्हतं ते त्या माणसानं एका फटक्यात मोकळं केलं. अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तू मात्र खाली मान घालून बसली होतीस.

निकाल तुझ्या बाजूनं लागला. वकीलबाईंनी बाहेर येऊन समजावलं: असल्या कारणावरून लग्नाबद्दल तक्रार करायची तर ती नवऱ्यानंच करायची. तो जन्मभर तुमच्यासोबत राहिला, त्यानं केली नाही. आता दुसऱ्या कुणाला करता येणार नाही. मी पेढे आणायला निघाले होते. तू मला थांबवलंस आणि वकीलबाईंना विचारलंस, "म्हंजी मी बायको हाय, का कुनी तक्रार केली न्हाई म्हनून हाय?"

खटला जिंकून बाहेर आलेल्या माणसाला असा प्रश्न पडतो? मला तर पडला नसता. मी पेढ्यांचा विचार करत होते.

तू पुन्हा विचारलंस, "त्यांनी मनात आनलं असतं तर येका अर्जावर मी बायको न्हवतेच झाले असते?"

"हो," त्या म्हणाल्या. "कधीही."

तू लिंबाखाली बसलीस. मग म्हणालीस, "म्हंजी त्यांनी रोज मनात न्हाई आनलं." आणि त्या दिवशी, दादा गेल्यावर पहिल्यांदा, तू रडलीस. मोठमोठ्यानं, कोर्टाच्या आवारात, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता.

वहिनी, माझंही लग्न झालेलं आहे. माझ्या लग्नाला कुणी कधी हात लावू शकलं नाही, म्हणून माझ्या नवऱ्याला ते रोज राखावं लागलं नाही, आणि मलाही नाही. तुम्हा दोघांना लागलं. तुमचं लग्न कायद्यानं बायकोच्या अंगाला नव्हे, नवऱ्याच्या मर्जीला टांगून ठेवलं होतं, आणि त्या मर्जीवर तुम्ही संसार केलात, हसत केलात, गोधडीसारख्या मोळ्या बांधत केलात. हे कसं केलंत, हे विचारायचं राहिलं. तू "त्यात काय वन्सं" म्हणाली असतीस, ठाऊक आहे मला. पण विचारायला हवं होतं.

आता जे तुला माहीत नाही ते सांगते. त्यासाठीच खरं तर लिहायला बसले.

तू गेल्याचा फोन आला तशी मी दिंद्रुडहून निघाले. वाटेत माझ्या डोक्यात एकच होतं. आता तुला न्हाऊ घालतील. भावकीतल्या बाया जमतील, पाणी तापवतील, आणि तू ज्या गोष्टीला कोर्टात उभं राहून न्हाई म्हणालीस, ती आता तू न्हाई म्हणू शकत नाहीस म्हणून होईल. मी ठरवलं होतं, दारात आडवी होईन, शिव्या देईन, मारामारी करीन.

पोचले तर तू आतल्या खोलीत होतीस. बाहेर बाया दाटलेल्या. मी दार अडवून उभी राहिले, तेवढ्यात पाण्याची घागर घेऊन सिंधूवहिनी आली. अण्णांची बायको. इतकी वर्षं तुझ्याशी एक शब्द न बोललेली, अण्णांच्या मागं कोर्टात येऊन बसणारी. मी म्हटलं, तू सोडून कुणीही. ती म्हणाली, "सरका वन्सं, पानी निवतंय." आवाज असा होता की मी सरकले.

तिनं तुझं लुगडं काढलं नाही. वरून पाणी घातलं आणि खालून हात घालून तुला न्हाऊ घातलं, पाय, पाठ, सगळं. सारा वेळ तिचे डोळे समोरच्या भिंतीवर होते. मी पाणी देत होते. एकदाही तिनं खाली पाहिलं नाही.

मध्येच दार ढकलून तुम्हा जावांची चुलतसासू आत आली. म्हणाली, "लुगडं सार की गं जरा. येकदाचं बगू तरी, खरं काय हाय ते."

सिंधूवहिनीनं मान वळवली. हातात तांब्या तसाच.

"माजी जाऊ हाय ती," सिंधूवहिनी म्हणाली. "न्हाऊ घालायचीय, तपासायची न्हाई. भाईर व्हा."

म्हातारी बाहेर गेली. मी आतून कडी लावली आणि पुढचा तांब्या भरून तिच्या हातात दिला.